बाबा, वायरिंग काढलं

मुंबई, १८ जुलै

ती. आई-बाबांस साष्टांग नमस्कार.

बाबा, आधी सांगून टाकते. बोटीचं वायरिंग काढलं. सगळं. लाकडी पट्टीवरचे पितळी स्विचसुद्धा. फोनवर तीनदा सांगायला गेले आणि तीनदा भाताच्या लावणीवर बोलून फोन ठेवला.

रागावू नका. तुमचं काम वाईट होतं म्हणून नाही काढलं. पॅनेलमागे एक जोड काळा पडलेला निघाला. जोड तुम्ही नीटच केला होता, वायर साधी तांब्याची होती. खाऱ्या हवेत ती आतून काळी-हिरवी होते आणि जोड तापायला लागतो. टिन चढवलेली वायर तेव्हा आपल्याला कुठे मिळत होती? आताही लोहार चाळीत चार दुकानं फिरले, सगळे घरगुतीच वायर पुढे करत होते. शेवटी मागवून घेतली. खांदेरीपाशी दिवे गेले त्या रात्री तुम्ही बल्बला शिव्या घातल्या होत्या ना? बल्ब बिचारा चांगला होता.

बॅटऱ्याही बदलल्या. जुन्या तीस-तीस किलोच्या, आणि तुमची कंबर. शिशाची बॅटरी सारखी निम्म्याखाली उतरवली की लवकर मरते, म्हणजे एवढं वजन वाहून आपण अर्धीच वापरत होतो. नव्या लिथियम आयर्न फॉस्फेटच्या आहेत, १०० अँपिअर-तासांची एक बारा-तेरा किलोची, आणि ऐंशी टक्के बिनघोर वापरता येते. आई, तू पेटलेल्या स्कूटरींच्या बातम्या बघतेस, माहीत आहे मला. ही जात तशी चटकन भडकत नाही. आणि बाबा, इंजिन सुरू करायला तुमचीच शिशाची एक ठेवली आहे. मन राखायला नाही हं. लिथियम इतका करंट ओढते की इंजिनवर वीज तयार करणारा आपला जुना अल्टरनेटर तापून जळेल, म्हणून मध्ये करंट आवरणारा डीसी-डीसी चार्जर घातला. पैशांचं विचारू नका.

आई, तुझ्या बाकावर पंखा लावलाय, रात्रभर चालेल. छोटा फ्रीज आहे, सोलकढी गार राहील. संडासात दिवा आहे, बटण हाताशी. टॉर्च दातात धरायला नको.

लहानपणी मी त्याच बाकावर झोपायचे. व्होल्टमीटरचा काटा बाराकडे झुकला की बाबा दिवा मालवायचे आणि गोष्ट अंधारात पुरी करायचे. मला वाटायचं, गोष्टीतला राक्षस त्या काट्यातच राहतो.

आता त्या काट्यावर जाऊ नका, बाबा. लिथियमचा व्होल्टेज शेवटपर्यंत जवळजवळ सारखाच दिसतो आणि मग एकदम पडतो. नवा मीटर टक्के दाखवतो, तेच बघायचे. बॅटरीजवळच्या क्लास टी फ्यूजला हात लावायचा नाही. ‘तात्पुरती तार बांधतो’ हे तर मुळीच नाही, इथे शॉर्ट झाला तर हजारो अँपिअर वाहतात. आणि गावच्या घरातल्या इन्व्हर्टरमध्ये पाणी तुम्ही वाकून ओतताय, आईने सांगितलंय. दुसऱ्या कुणाला तरी सांगा. डिस्टिल्डच, नळाचं नाही. बीपीची गोळी सकाळी, चहाआधी.

पितळी स्विच फेकलेले नाहीत, चिंच लावून घासून ठेवलेत. नव्या पॅनेलवरच्या पट्ट्या कोऱ्या आहेत. ‘डोलकाठी’, ‘नांगर दिवा’, ‘पंप’ असं लिहायचंय. माझं अक्षर तुम्हाला माहीतच आहे, म्हणून थांबलेय.

नारळी पौर्णिमेनंतर बोट पाण्यात उतरवू. चिपळूणहून तिकिटं मी काढते, तुम्ही रांगेत उभं राहू नका. आई, येताना फणसाच्या आठळ्या आण, पण पिशवी तू उचलू नकोस.

तुमची,
मनू