आरती चुकते तसं

माइंत्स, जर्मनी, १४ जानेवारी

ती. आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

पार्सल पोचलं. निम्मे लाडू फुटले होते, पण चुराही तिळगूळच. चमच्याने खाल्ला. तब्येत उत्तम आहे, दोन्ही वेळा जेवते. फोटोत गाल बसलेले दिसतात ते इथल्या उजेडामुळे.

खिडक्यांचं सांगायचं राहूनच जातंय. बाहेर उणे चार, आत हीटर, आणि ही माणसं दिवसातून दोन-तीनदा सगळ्या खिडक्या सताड उघडतात. हौस नाही, माझ्या भाडेकरारातच लिहिलंय! मूठ आडवी केली की खिडकी पूर्ण उघडते, वर केली की नुसती आत कलते. कललेली चालत नाही. भिंत गार पडते, दमट हवा आतच राहते, मग कोपऱ्यात बुरशी धरते. म्हणून आधी हीटर बंद, मग पाच-दहा मिनिटं एकदम उघडायची. याला श्टोसलुफ्टन म्हणतात. समोरासमोरच्या दोन उघडल्या तर क्वेअरलुफ्टन, त्याला निराळा शब्द! घरमालकीणबाई मला हे दोनदा शिकवून गेल्या. दुसऱ्यांदा आल्या तेव्हा मी लसणाची फोडणी दिली होती.

बाबा, शेजारी विचारतात ना, एवढं शिकून पोरगी चिलटं पाळते का म्हणून? हो, पाळते, पिकल्या फळांवर घोंगावतात ती. आणि आई, क्ष-किरण मी चिलटांच्या पेशींना देते, स्वतःला नाही. यंत्र शिशाच्या पेटीत असतं, दार नीट लागल्याशिवाय सुरूच होत नाही. हे मी तिसऱ्यांदा सांगतेय.

किरणांनी डीएनएचे दोन्ही धागे तुटतात. पेशी त्याच मजकुराची दुसरी प्रत शोधते आणि तिच्यावरून गेलेलं उतरवून घेते. पण चिलटाच्या जिनोमचा, म्हणजे एकूण डीएनएचा, जवळपास तिसरा हिस्सा घट्ट गुंडाळलेला असतो आणि त्यात बहुतेक पुनरुक्तीच. कुठे कुठे तर तीच पाच अक्षरं हजारो वेळा. आता खरी प्रत कुठली? आपल्याकडे गणपतीत होतं बघा: बऱ्याच आरत्यांच्या धृपदाची सुरुवात सारखी, त्यामुळे काका दरवर्षी गणपतीच्या आरतीतून थेट शंकराच्या आरतीत शिरतात आणि आपणही त्यांच्या मागे. तिथे आजी नुसते डोळे वटारायची. इथे एका गुणसूत्राचं टोक भलत्याच गुणसूत्राला चिकटतं. कॅन्सरच्या पेशींत असली जोडकामं पुष्कळ दिसतात.

तर पेशी काय करते? तुटलेली टोकं साफ करायला जागेवरच घेते, पण प्रत शोधणारं रॅड५१ नावाचं प्रथिन तिथे बसू देत नाही. तुटका भाग आधी त्या पुनरुक्तीच्या गर्दीतून बाहेर काढते, केंद्रकाच्या कडेला नेते आणि मगच पुढचं काम. गर्दीतून बाहेर पडायला तासभर पुरतो. चिलटांत हे बाहेर पडणं २०११ साली दिसलं. नेते कशी, ते २०१८ साली: अॅक्टिन नावाच्या प्रथिनाचे धागे रुळांसारखे अंथरले जातात आणि मायोसिन हे दुसरं प्रथिन त्यांवरून ओझं हलवतं. बाबा, तुमच्या दंडातही हीच जोडी काम करते. मी रात्री सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून तो ठिपका कडेला सरकताना बघते. एकटी असते, पण इमारतीला पहारा आहे, काळजी नको.

मी साठ हजार पाठवलेत. ते मोतीबिंदूसाठीच. छपराचे पत्रे पावसाळ्याच्या आधी बघू, डोळा आधी. मला कमी पडत नाही, उगाच हिशोब मांडू नका.

पुण्याच्या स्थळाचा फोटो पाहिला. चांगला वाटतो. मी नाही म्हटलेलं नाही, हे काकूंनाही सांगा. पण थोरलीचं राहिलं म्हणून छोटीचं अडवू नका. मुहूर्त मेचाच धरा. माझ्या व्हिसाच्या मुदतवाढीचा कागद अजून आलेला नाही आणि तो हातात नसताना निघाले तर परत येताना अडकेन. एप्रिलपर्यंत येईलच. आजीच्या वर्षश्राद्धाच्या वेळीही मी असंच म्हटलं होतं, आठवतंय मला.

नाहीच जमलं तर करवली म्हणून आत्याच्या सईला उभी करा. आणि आजीची नथ छोटीला घालू दे. माझ्यासाठी बाजूला ठेवली होती, माहीत आहे. तिचा फासा सैल झालाय, सोनाराकडून आधी दाबून घ्या.

तुमची,
मनू