आनंदीबाई सीपीआरमध्ये रुजू झाल्याच नाहीत

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कालच्या (९ मार्च) अंकातली महिला दिनाच्या वेशभूषा स्पर्धेची बातमी आणि चार कॉलमी छायाचित्र वाचकांनी पाहिलंच असेल. त्या बातमीत चिमुकल्यांनी ‘रुग्णसेवेत आयुष्य वेचणाऱ्या डॉ. आनंदीबाई जोशी’ साकारल्याचा उल्लेख आहे. हे विधान चूक आहे. दुसऱ्या कुठल्या गावच्या वर्तमानपत्रात आलं असतं तर मी कदाचित पान उलटलं असतं. कोल्हापूरच्या वर्तमानपत्रात ते छापून यावं याचा मला राग आला आहे, आणि तो शांत होण्याआधीच हे पत्र लिहिते आहे.

आनंदीबाईंना वेचायला आयुष्य मिळालंच कुठे? ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या वैद्यकीय महाविद्यालयातून त्या एम. डी. झाल्या. त्याच वर्षाच्या अखेरीस क्षयाने खंगलेल्या अवस्थेत मायदेशी परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात वारल्या. बाविसावं वर्ष पुरं व्हायला महिना उरला होता. त्यांच्या हातात नेमणूक होती ती आपल्या कोल्हापूर संस्थानची, अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलमधल्या स्त्रियांच्या विभागावर. अल्बर्ट एडवर्ड म्हणजे आपलं सीपीआर, छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय. दसरा चौकातून जाणारा प्रत्येक जण रोज बघतो तो दवाखाना. तिथे त्या रुजू होऊ शकल्या नाहीत. भारतातल्या पहिल्या स्त्री डॉक्टरांपैकी एकीची वाट हे गाव बघत होतं आणि ती पोहोचली नाही, हे इथल्या प्रत्येक पोराला ठाऊक असायला हवं.

आता माझी खरी तक्रार सांगते. तुमच्या छायाचित्रात गळ्यात स्टेथोस्कोप अडकवून उभी असलेली मुलगी माझी नात आहे. चौथीत आहे. शाळेने पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर प्रत्येकीला आठ-दहा ओळींचं भाषण पाठवलं होतं. तिच्या भाषणाचा शेवट असा होता : ‘मी भारतात परत आले आणि हजारो गोरगरीब रुग्णांना बरे केले.’ सुनेने ते तिच्याकडून घोकून घेतलं. मी आयुष्यभर प्राथमिक शाळेत शिकवलं आहे, मला ते ऐकवेना. कपाटातलं जुनं चरित्र काढलं आणि संध्याकाळी दिवा लागल्यावर थोडं थोडं करून आम्ही दोघींनी ते वाचलं.

नऊ वर्षांचं मूल चरित्र वाचताना कुठे थांबतं ते प्रत्येक शिक्षकाने एकदा बघावं. आपण थांबावं म्हणतो तिथे ते थांबत नाही. पदवीदान समारंभाची पानं तिने भराभर उलटली. नवव्या वर्षी लग्न झालं इथे थांबली, कारण ते तिचं स्वतःचं वय. चौदाव्या वर्षी बाळ झालं आणि दहा दिवसांत गेलं, हे वाचून तिने विचारलं, “दवाखान्यात नेलं न्हाई?” पुढची डॉक्टर होण्याची सगळी धडपड तिला त्या एका प्रश्नातून कळली. मला वेगळं काही समजावून सांगावं लागलं नाही. आनंदीबाईंच्या शिक्षणाला मदत मिळावी म्हणून त्यांच्या यजमानांनी, गोपाळरावांनी, ज्या अमेरिकन मिशनऱ्याला लिहिलं ते वाइल्डर पूर्वी इथे कोल्हापुरातच काम करत होते, हे ऐकून ती चकित झाली. ते पत्र तिकडच्या मासिकात छापलं गेलं आणि दाताच्या डॉक्टरकडे नंबर यायची वाट बघत बसलेल्या कार्पेंटर नावाच्या बाईंनी ते वाचलं, यावर खूप हसली. १८८३ साली अठरा वर्षांची मुलगी नवऱ्याशिवाय कलकत्त्याहून बोटीत बसली म्हटल्यावर मात्र गप्प झाली. आणि शेवटी, “आज्जी, मग ती आली का कोल्हापुरात?” नाही म्हटलं. “मग हजारो पेशंट कुठले?”

भाषणाचा शेवट तिने स्वतः बदलला. व्यासपीठावर तिने सांगितलं, ‘मला कोल्हापूरच्या दवाखान्यात नेमलं होतं. पण मी आजारी होते, मला येता आलं नाही. तो दवाखाना अजून आहे.’ सभागृहात बसलेल्या मला भरून आलं. परीक्षकांनी तिचे गुण कापले. दिलेला मजकूर बदलला हे एक कारण, आणि शेवट निराशाजनक झाला हे दुसरं. मी विचारायला गेले तर उत्तर मिळालं, “आजी, लहान मुलं आहेत, त्यांना प्रेरणा मिळायला पाहिजे. एवढं खरं-खोटं कोण बघतंय?”

मी बघते आहे. नातीला बक्षीस मिळालं नाही याचं मला काही वाटत नाही. वाचून, विचारून, स्वतःच्या डोक्याने चूक दुरुस्त करणाऱ्या मुलीला भर सभागृहात चूक ठरवलं गेलं, हे मला सहन होत नाही. पुढच्या वर्षी ती घोकून दाखवेल. तिला आता कळलं आहे की वाचण्यात तोटा असतो.

त्याच स्पर्धेत ताराराणी झालेल्या मुली बऱ्याच होत्या. सगळ्यांची भाषणं औरंगजेबाला झुंजवलं इथे संपली. कावळा नाक्याचा पुतळा रोज बघणाऱ्या मुलांना ताराबाईंची ती सात वर्षंच माहीत आहेत, १७०० ते १७०७. राजाराम महाराज गेले तेव्हा त्या पंचविशीत होत्या आणि १७६१ पर्यंत जगल्या. मधली पन्नासहून जास्त वर्षं कुठे गेली? माझ्या वर्गात मी ती वाचून दाखवायची. १७१४ साली आपल्याच वाड्यात सत्ता उलटली, सवत राजसबाईंनी आपला मुलगा गादीवर बसवला आणि ताराबाई मुलासह कैदेत पडल्या. पुढे साताऱ्यात रामराजाला नातू म्हणून गादीवर आणलं ते त्यांनीच, आणि त्याला कैदेत टाकलं तेही त्यांनीच. वर्ग एकदम जागा व्हायचा. “आज्जीनंच नातवाला कोंडलं?” मग ती चांगली का वाईट, यावर मधल्या सुट्टीपर्यंत वाद. हात वर करून कधी न बोलणारी मुलंसुद्धा त्या वादात असायची. पुतळ्याशी वाद घालता येत नाही, वाचलेल्या बाईशी घालता येतो.

आणि जिच्या नावाची वेशभूषा करायला अजून कुणाला सुचलेलं नाही, त्या डॉ. कृष्णाबाई केळवकर? जो दवाखाना आनंदीबाईंना बघायला मिळाला नाही, तिथेच त्यांनी पुढे कोल्हापूरच्या बायकांवर उपचार केले. शाहू महाराजांनी त्यांना वैद्यकीच्या पुढच्या शिक्षणासाठी परदेशी पाठवलं होतं. त्यांच्या आई रखमाबाई केळवकर संस्थानात मुलींच्या शिक्षणाचं काम बघत होत्या. आई मुलींना शाळेत आणते आणि लेक दवाखाना चालवते, असं घर या गावात होतं. इंदुमती राणीसाहेबांचंही तेच. १९१८ साली शिकारीच्या अपघातात त्यांचे पती, शाहू महाराजांचे राजपुत्र शिवाजी गेले तेव्हा त्या अकरा वर्षांच्या होत्या. त्या विधवा सुनेला महाराजांनी सोनतळीला ठेवून शिकवलं, घरचा विरोध सोसून. पाचवीच्या मुलीला हे वाचायला दिलं तर ती दुसऱ्या दिवशी प्रश्नांची यादी घेऊन येईल. पण त्यांचा काही ठरलेला पोशाख नाही ना, मग स्पर्धेत कशा बसणार?

नऊवारी, नथ, दागिने, टोप यांचं भाडं पालक मुकाट्याने भरतात. तेवढ्या पैशात पुस्तक येतं. १८५० पासून वाचनालय असलेलं हे गाव आहे, पुस्तकं मिळत नाहीत असं कुणी सांगू नये. आठवड्यातून एक तासिका बाईंनी किंवा गुरुजींनी एक पान मोठ्याने वाचावं, मुलांना विचारू द्यावं, पुढच्या आठवड्यात पुढचं पान. एवढ्याला निधी लागत नाही, मंडप लागत नाही आणि पाहुणेही लागत नाहीत.

शिक्षकांच्या अडचणी मला माहीत आहेत. मी नोकरीत असताना एका शाळेत पुस्तकांचं चांगलं मोठं कपाट होतं, कायम कुलूपबंद. पुस्तक फाटलं किंवा हरवलं तर डेड स्टॉक रजिस्टरला नोंद कशी करायची, भरपाई कुणाच्या पगारातून, या भीतीने मुख्याध्यापक किल्ली स्वतःजवळ ठेवायचे. तपासणीला साहेब यायचे त्या दिवशी कपाट उघडायचं, पुस्तकं पुसायची, मांडायची, संध्याकाळी पुन्हा कुलूप. नव्याकोऱ्या पुस्तकांना वाळवी लागली, त्याची मात्र भरपाई कुणाला द्यावी लागली नाही. शिक्षण खात्यातल्या अधिकाऱ्यांपैकी कुणी हे पत्र वाचत असेल तर त्यांना हात जोडून विनंती आहे : मुलांच्या हातून फाटलेल्या पुस्तकासाठी शिक्षकाला जबाबदार धरणं बंद करा. वाचलेलं पुस्तक फाटणारच.

जाता जाता आणखी एक. तुमच्या छायाचित्राखाली मान्यवर पाहुण्यांची नावं डावीकडून उजवीकडे, पदांसह छापली आहेत. समोर उन्हात तासभर ताटकळत उभ्या राहिलेल्या मुलींपैकी एकीचंही नाव नाही. ‘विविध थोर स्त्रियांच्या वेशातील विद्यार्थिनी’ एवढंच. महिला दिनाच्या बातमीत तरी असं व्हायला नको होतं.

उद्या ११ मार्च, आनंदीबाईंना पदवी मिळाली तो दिवस. आनंदीबाईंबद्दलची दुरुस्ती उद्याच्याच अंकात, बातमी जिथे आली होती त्याच पानावर छापावी. मुलींची नावं शाळेकडे आहेत, तीही मागवून घेऊन सोबत द्यावीत.

कळावे,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका
मंगळवार पेठ, कोल्हापूर