संबळाचा डावा हात ऐकवणाऱ्या भाऊंना

भाऊ, सप्रेम नमस्कार.

हे पत्र सगळ्यांसमोर लिहितोय, त्याला कारण आहे. धुळे, जळगाव, नंदुरबारकडे आता कितीतरी पोरं घरच्या लॅपटॉपवर अहिराणी गाणी बांधतात. तुम्ही जे मला शेजारी बसवून शिकवलं, ते त्यांच्याही कानावर जायला हवं.

मावशीने गायलेलं कानबाईचं गाणं घेऊन मी तुमच्या स्टुडिओत आलो होतो. श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते तेव्हा आमच्या घरी हे गाणं होतंच. एफएल स्टुडिओ या गाणी बांधायच्या सॉफ्टवेअरमध्ये, ठोके ठेवायच्या सोळा घरांच्या पट्टीवर, त्याच्याखाली ताल बसवला होता. एकही ठोका जागेवरून हललेला नव्हता आणि तरी गाणं पुढे सरकत नव्हतं. तुम्ही सॉफ्टवेअरकडे पाहिलंही नाही. आधी मावशीचा नुसता आवाज लावायला सांगितलात आणि टेबलावर बोटांनी मात्रा धरल्यात. सहा. मग म्हणालात, "मात्रा सहा हाईत, मग घरं सोळा कशाला?" प्रोजेक्ट सहा-आठवर, म्हणजे सहा मात्रांच्या मापावर नेला, सोळा घरांच्या जागी बारा केली, आणि पहिल्यांदा ताल मावशीच्या शब्दांखाली येऊन बसला.

पण माझ्यासाठी खरं शिक्षण त्यानंतरचं होतं. गोंधळाला जाणाऱ्या एका काकांना तुम्ही बोलावून घेतलंत आणि त्यांचा संबळ मेट्रोनोमवर, म्हणजे मात्रांच्या टिकटिकीवर, रेकॉर्ड केलात. पडद्यावर आवाजाच्या लाटा मोठ्या करून दाखवल्यात. उजव्या हाताचे ठोके मात्रेच्या रेषेवर. डाव्या हाताचे जरासे मागे, पंधरा-एक मिलिसेकंद, आणि हलके. मुद्दा असा की ते दर आवर्तनात त्याच जागी मागे आणि त्याच जागी हलके होते. माणूस वाजवतो म्हणजे कुठेही थोडं चुकतो, असं पुष्कळांना वाटतं, म्हणून 'रँडम' किंवा 'ह्युमनाइझ'चं बटण दाबून मोकळे होतात. काकांच्या हातात असं काही नव्हतं. त्यांचं मागे राहणं पक्कं होतं, ठरलेलं होतं. बटणाने नुसता गोंधळ येतो, लय येत नाही. हे मला दुसऱ्या कुणी कधी सांगितलं नव्हतं.

मग तुम्ही प्रोजेक्टची सेटिंग उघडलीत. एफएलमध्ये एका बीटचे मुळात ९६ भाग असतात. टेम्पो मिनिटाला १२० बीट धरला तर बीट ५०० मिलिसेकंदांची, म्हणजे एक भाग सुमारे ५.२ मिलिसेकंदांचा. एवढ्या जाड पावलांनी काकांचा हात पकडता येत नाही. तुम्ही ते ९६० केलंत. एक भाग अर्ध्या मिलिसेकंदावर आला. किक, म्हणजे खालचा जड ठोका, रेषेवरच ठेवली, कारण पाय तिच्यावर पडतात. डाव्या हाताचे ठोके तेवढे तीसेक भागांनी मागे ओढले.

व्हेलॉसिटीचं, म्हणजे ठोक्याच्या जोराचंही तसंच. वाद्यं आणि संगणक जोडणाऱ्या, १९८३ साली आलेल्या मिडीत ती १ ते १२७ अशी मोजली जाते. माझे सगळे ठोके शंभरावर सरळ रांगेत उभे होते. तुम्ही समजावलंत की हा आकडा नुसता आवाज लहान-मोठा करण्यासाठी नाही; चांगल्या सॅम्पलमध्ये, म्हणजे वाद्याच्या रेकॉर्ड केलेल्या ठोक्यांच्या संचात, हळू मारलेल्या ठोक्याचं रेकॉर्डिंगच वेगळं असतं, त्याचा नादच वेगळा असतो. एकच आकडा दिला की तेच एक रेकॉर्डिंग पुन्हापुन्हा वाजतं आणि कानाला लगेच कळतं. समेवर ११५, चौथ्या मात्रेवर ९५, मधले भरीचे ठोके ३० ते ४५. ते भरीचे ठोके बंद केले तर तालात काही उणं आहे हे पटकन सांगता येत नाही, पण नाचणाऱ्याला कळतं.

लग्नातल्या डीजेसाठी चार मात्रांची आवृत्ती केली, तेव्हाची स्विंगची गोष्टही लक्षात आहे. रॉजर लिन यांच्या १९८० च्या एलएम-१ या ड्रम मशीनमध्ये क्वांटाइझ (ठोके रेषेवर नेणं) आणि स्विंग (जोडीतला दुसरा ठोका मागे ढकलणं) दोन्ही होतं, हे तुमच्याकडूनच कळलं. ५० टक्के म्हणजे सरळ, ६६ च्या आसपास ट्रिपलेटची, म्हणजे बीटचे तीन सारखे भाग केल्याची चाल. आपण ५८ वर थांबलो. मला तिथे ६६ हवं होतं, आणि अजूनही वाटतं की लग्नाच्या वरातीला ते शोभलं असतं.

पैशांचं विचारलं तर तुम्ही काकांचं मानधन तेवढं द्यायला लावलंत. स्वतःच्या वेळेचं काही घेतलं नाहीत. भाऊ, त्या वेळेची किंमत मला ठाऊक आहे. बाहेर लग्नसराईचं काम खोळंबलेलं असताना तुम्ही एका अनोळखी पोरासाठी डाव्या हाताचा एकेक ठोका जागेवर नेत होतात. मनापासून आभार मानतो.

मावशीला गाणं ऐकवलं. ती एवढंच म्हणाली, "आते पाय उठतस."

काकांच्या संबळाची मूळ रेकॉर्डिंग त्यांना विचारून जपून ठेवली आहेत. ज्या पोरांना आपल्या गाण्याखाली तो हात ऐकून पाहायचा असेल, त्यांना ती देऊ का, तेवढं कळवा. नवीन गाण्याची फाइलही पाठवतोय. दुसऱ्या अंतऱ्यात पाचवी मात्रा मला अजून जड वाटते. ८० वरून ६० वर आणली आहे. सवड मिळाली की ऐका.

तुमचा,
धुळ्याचा पोरगा