घरी असलेल्यांची यादी

प्रिय आई, बाबा,

सप्रेम सलाम.

आई, परवा फोनवर तू आवाज खाली आणून सांगितलंस ते डोक्यातून जात नाहीये. आपल्या चर्चच्या मंडळीच्या पत्रकात 'आजारी व घरी असलेले' या यादीत बाबांचं नाव छापून आलं, आणि तेव्हापासून ते गप्प आहेत. पाळकसाहेब गाडी पाठवतो म्हणाले, तर त्यालाही नकार. मी तेव्हा घाईघाईने 'होईल गं सगळं ठीक' म्हणून फोन ठेवला. ते बरोबर झालं नाही. म्हणून आज निवांत लिहायला बसलेय, आणि दोघांना मिळून लिहितेय. बाबा, आईवर रागावू नका. तिने सांगितलं नसतं तर मला कळलंच नसतं.

आधी इथलं सांगते, कारण मला जे बोलायचंय ते तिथूनच सुरू होतं.

पानगळ लागली की इथल्या मंडळीचं नवं वर्ष सुरू झाल्यासारखं असतं. उन्हाळ्यात निम्मी बाकं रिकामी असतात, क्वायरला सुट्टी, संडे स्कूल बंद. शाळा उघडल्या की माणसं परततात. तिथून आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळाआधीच्या तयारीच्या दिवसांच्या, पहिल्या रविवारपर्यंत बारा-तेरा आठवडे सलग हाताशी येतात. तो रविवार कधीही २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्यामध्येच पडतो, हे बाबा, तुम्हीच मला बोटांवर मोजून दाखवलं होतं. एकदा तो आला की नाताळची धांदल, मग कुणाला काही शिकायला सवड नसते. म्हणून जे काही वर्ग घ्यायचे, नवी माणसं कामाला जोडायची, ते सगळं याच दिवसांत.

उपासनेच्या दालनाबाहेर एक लांब टेबल मांडतात. एकेका कामाचा एकेक कागद, शेजारी दोऱ्याला बांधलेली पेन्सिल. बायबल अभ्यासाचे दोन गट, दृढीकरणाचा (बाप्तिस्म्याचा विश्वास स्वतः कबूल करण्याच्या तयारीचा) वर्ग, जवळचं माणूस गेलेल्यांसाठी एक गट, संडे स्कूल, तान्ह्या मुलांची खोली, क्वायर, माइक आणि स्पीकर सांभाळणारे, दाराशी उभं राहून स्वागत करणारे, वेदीची तयारी, वृद्धांना गाडीने आणणं-सोडणं, घरोघरी भेटी. ज्याला जे जमेल त्याने तिथे नाव लिहायचं. क्वायरचा कागद पहिल्याच रविवारी भरतो. तान्ह्या मुलांचा आणि भेटींचा कागद शेवटपर्यंत कोरा. मी सहा वर्षं ते सगळे कागद वाचून पुढे जात होते. नोकरी आहे, मुलं आहेत, हे खरंच होतं, पण ते ज्यांनी नावं लिहिली त्यांनाही होतंच.

यंदा पाळकांनी एक गोष्ट सांगितली ती मला फार पटली. एका माणसाने एकाच कागदावर नाव लिहायचं, जास्त नाही. दरवर्षी चार-पाच उत्साही माणसं सगळीकडे सह्या करतात, ऑक्टोबर संपेपर्यंत थकून जातात आणि मग वर्षभर दिसत नाहीत. मला तर वाटतं, टेबलावरचे कागदही निम्मे करायला हवेत. काम चालू ठेवण्यासाठी माणसं शोधत बसण्यापेक्षा, असलेल्या माणसांना झेपेल तेवढंच काम ठेवावं.

बाबा, तुमच्या संडे स्कूलची बातमी तुम्हांला हवी असणार. तुम्ही शिकवायचात तेव्हा खडू आणि फळा असला की भागायचं. आता मुलांबरोबर काम करायचं तर आधी पोलिसांकडून पडताळणी होते, एका संध्याकाळचं प्रशिक्षण घ्यावं लागतं, आणि कुठल्याही खोलीत दोन मोठी माणसं असल्याशिवाय वर्ग भरत नाही. एक शिक्षक आला नाही तर दोन वर्ग एकत्र करतात, पण एकट्याला मुलांबरोबर ठेवत नाहीत. सुरुवातीला जुन्या शिक्षकांना वाईट वाटलं, आमच्यावर विश्वास नाही का म्हणून. पण नियम सगळ्यांना सारखा आहे, पाळकांनासुद्धा, त्यामुळे आता कुणी बोलत नाही. तुम्ही आम्हांला रॉबर्ट रेक्सची गोष्ट सांगायचात ना, १७८० साली ग्लॉस्टरमध्ये आठवडाभर कामावर राबणाऱ्या पोरांना त्यांच्या एकुलत्या एक सुट्टीच्या दिवशी वाचायला शिकवणारा. ती गोष्ट इथे शिक्षकांच्या पहिल्या बैठकीत निघाली आणि मला एकदम तुमचा आवाज ऐकू आला.

मी नाव लिहिलं ते भेटींच्या कागदावर.

त्यासाठी सहा मंगळवारांचा वर्ग होता. मंडळीतल्या एक निवृत्त नर्स शिकवायच्या. मला वाटलं होतं वचनं पाठ करून घेतील. त्यांनी पहिल्या दिवशी दाराची घंटा कशी वाजवायची ते शिकवलं. एकदा वाजवायची आणि थांबायचं. आतला माणूस काठी शोधतोय, उठतोय, भिंत धरून येतोय. दुसरी घंटा वाजली की तो घाई करतो आणि पडतो. मग बसायचं कुठे: पलंगावर कधीच नाही, खुर्ची ओढून घ्यायची, म्हणजे निजलेल्या माणसाला आपल्याकडे पाहायला मान वर करावी लागत नाही. किती वेळ बसणार ते आल्याआल्या सांगायचं आणि मग घड्याळाकडे बघायचं नाही. वीस-पंचवीस मिनिटं पुरेत. प्रार्थना करू का हे विचारायचं, आणि कशासाठी करू हेही विचारायचं, आपल्या मनाने ठरवायचं नाही. ऐकलेलं दाराबाहेर न्यायचं नाही. मात्र माणूस पडलाय, गोळ्या चुकताहेत, घरातलं कुणी छळतंय अशी शंका आली तर त्याच दिवशी पाळकांच्या कानावर घालायचं.

तिसऱ्या मंगळवारी आम्हांला जोड्यांनी बसवलं. एकीने तीन मिनिटं आपल्या काळजीबद्दल बोलायचं, दुसरीने नुसतं ऐकायचं. उपाय सांगायचा नाही, स्वतःचा अनुभव सांगायचा नाही. माझ्या समोरच्या बाईंनी त्यांच्या गुडघ्यांचं सुरू केलं. मिनिटही झालं नव्हतं आणि मी म्हणाले, 'जिन्याला कठडा बसवून घ्या ना.' त्या गप्पच झाल्या. पुढे बोलल्याच नाहीत. आणि मला तुम्ही आठवलात, बाबा. गेले पाच महिने तुम्ही फोनवर गुडघ्यांचं काढलंत की मी हेच करत आलेय. डॉक्टर बदला, पट्टा लावा, व्यायाम करा. रविवारी सकाळी चर्चची घंटा ऐकू येते आणि तुम्ही घरात बसलेले असता तेव्हा कसं वाटतं, हे मी तुम्हांला एकदाही विचारलं नाही. त्याबद्दल मनापासून माफी मागते. विचारायचंय, आणि या वेळी मध्ये बोलणार नाही.

माझी पहिली भेट ऐंशी पार केलेल्या एका आजींकडे होती. बरोबर एक छोटी पेटी असते: चार इवले पेले, एक लहानशी बाटली, भाकरीची गोल डबी, घडी घातलेला पांढरा रुमाल. रविवारी प्रभुभोजन, म्हणजे भाकर आणि द्राक्षारसाचा विधी, झाल्यावर पाळक त्याच मेजावरून ते भरून देतात. आजींनी स्टुलावरच्या सगळ्या वस्तू आधीच हलवून त्यावर इस्त्रीचं कापड घालून ठेवलं होतं. मी रुमाल पसरला, तर त्यांनी थरथरत्या हाताने त्याचं टोक धरलं, अंगठ्याने घडी मोडली आणि कोपरा कापडाच्या कडेशी जुळवला. नंतर कळलं, कितीतरी वर्षं वेदीची तयारी त्याच करायच्या. तो रुमालही बहुधा त्यांच्याच हातून धुवून निघालेला असेल.

निघताना मी त्यांना त्या रविवारचं पत्रक दिलं. त्यांनी चष्मा लावला, पानं उलटली आणि थेट शेवटच्या पानावर गेल्या. 'घरी असलेले' या यादीवरून बोट खाली नेत स्वतःच्या नावावर थांबल्या. 'आहे,' म्हणाल्या. चष्मा काढून ठेवला आणि मला म्हणाल्या, पुढच्या रविवारचंही आण.

आई, तू त्या दिवशी फोन केलास तेव्हा त्या भेटीला दोनच दिवस झाले होते. म्हणून मला बोलायला सुचलं नाही.

बाबा, तुम्हांला वाटतंय की त्या यादीत नाव आलं म्हणजे तुम्हांला बाजूला काढलं. मला तसं वाटत नाही, आणि तुम्हीच शिकवलेल्या गोष्टींवरून वाटत नाही. बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांतला सहावा अध्याय बघा. रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवा सुटत होत्या, त्यांची कुरकुर प्रेषितांपर्यंत गेली आणि सात माणसं निवडावी लागली. सेवेचं ते पहिलं नेमणूकपत्र निघालं ते कुणीतरी मोजणीतून सुटत होतं म्हणून. इसवी सन १५५ च्या सुमारास हुतात्मा जस्टिनने रोमच्या सम्राटाला उद्देशून रविवारची उपासना कशी चालते ते लिहिलं, त्यातही वाचन, उपदेश, प्रार्थना, भाकर आणि प्याला हे सांगून झाल्यावर तो सांगतो, की जे हजर नाहीत त्यांचा वाटा डीकन, म्हणजे मंडळीचे सेवक, त्यांच्या घरी नेतात. आणि मेथडिस्ट चळवळ उभी करणाऱ्या जॉन वेस्लीच्या 'क्लास'ची सुरुवात तर चक्क कर्जातून झाली. १७४२ मध्ये ब्रिस्टलच्या प्रार्थनाघराचं देणं फेडायला बारा-बारा जणांचे गट पाडले, दर आठवड्याला प्रत्येकाने एक पेनी द्यायची. गोळा करणारा घरोघरी जाऊ लागला आणि कोण आजारी आहे, कोण दारूत बुडालंय, कुणाच्या घरात भांडण आहे, ते पहिल्यांदाच कळायला लागलं. पेनी मागे पडली, भेटी राहिल्या. तिन्ही ठिकाणी शेवटी पाहिलं गेलं ते कुणी सुटू नये हेच.

गाडीचं म्हणाल, तर इथल्या टेबलावर यंदा गाडी चालवायला नऊ जणांनी नावं दिली आणि बसायला चौघांनी. पाच जण दर शनिवारी फोन करून विचारतात, कुणी आहे का न्यायला. त्यांना कुणीही सांगत नाही की राहू द्या, तुम्हांला त्रास नको. तुमच्या पाळकसाहेबांकडेही असा कुणी तरुण असेल, ज्याला बाकी काही येत नाही पण गाडी येते. मी आग्रह करत नाहीये. एवढंच लक्षात असू द्या, की नाही म्हणालात तेव्हा समोर तोही होता.

आई, महिला मंडळाच्या वाचनाच्या गटाला तू 'आता या वयात काय शिकायचं' म्हणून नाही म्हणालीस ना? पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवर मेहनत घेऊन सबंध बायबल मराठीत आणलं. आयुष्याच्या शेवटच्या दिवसांपर्यंत त्या त्याच कामात होत्या. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या आणि ते सबंध छापून आलं त्यांच्या मागे. तुला तर नुसतं मराठीत वाचायचंय, आणि तुझं वाचणं त्या गटातल्या कुणाहूनही सुंदर आहे. जा गं. बाबांना दोन तास एकटं ठेवल्याने काही होत नाही, ते तुला स्वतःच सांगतील.

बाबा, आता माझं एक काम आहे आणि ते तुमच्याशिवाय होणार नाही. तुमची ती निळ्या पुठ्ठ्याची लांब वही अजून आहे का? नाव, तारीख आणि समोर एक-दोन शब्द: 'पाय बरा', 'मुलाचं पत्र नाही', 'गाणं म्हटलं'. मी लहान असताना तुमच्याबरोबर यायचे आणि जिन्यात बसून ती वही धरायचे. तुम्ही वाचून दाखवायचात त्या यादीतल्या एकेका माणसाकडे महिन्यातून एकदा तरी तुमची फेरी असायचीच.

इथे माझ्या यादीत एक काका आहेत. पत्नी गेल्यापासून ते येत नाहीत. मी फोन करून वेळ ठरवते, ते हो म्हणतात. जाते, एकदाच घंटा वाजवते, थांबते. पडद्याआड हालचाल दिसते, पण दार उघडत नाहीत. दोनदा झालं असं. दुसऱ्या वेळी पत्रक दारातून आत सरकवून आले. वर्गातल्या बाई म्हणतात, अजून एकदा जाऊन बघ. पण मला कळत नाही, जायचं की त्यांना त्यांच्यापाशी राहू द्यायचं. तुमच्या वहीतही दार न उघडणारं कुणीतरी असणारच.

तुम्ही काय करायचात, बाबा? मंगळवारी परत त्यांच्याकडे जायची वेळ आहे. सोमवारी रात्री फोन करते, तेव्हा सांगा.

तुमची,
लेक