मालावीतून सुनंदाला

झोम्बा जिल्हा, मालावी
फेब्रुवारी

प्रिय सुनंदा,

तुझं पत्र मिळालं. "तिकडच्या बायका दवाखान्यात यायला तयार असतात, की घरोघर जाऊन समजूत घालावी लागते?" असं विचारलंयस. फोनवर दोन वाक्यांत उरकण्यासारखं हे नाही, म्हणून रात्रपाळी संपल्यावर लिहायला बसले.

बायका येतात गं. २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत शंभरातली ९१ बाळंतपणं आरोग्यसंस्थेत झाली होती. तरी त्याच पाहणीत लाख जिवंत जन्मांमागे ४३९ मातामृत्यू निघाले. २००४ मध्ये तोच आकडा ९८४ होता, म्हणजे सुधारणा मोठी झाली, ती नाकारायची नाही. पण दारापर्यंत येऊनही इतक्या जणी दगावत असतील, तर दोष त्यांच्या अज्ञानाला कसा द्यायचा? "जागृती नाही" हे वाक्य कुणी बैठकीत उच्चारलं की मला आता संताप येतो.

सरकारी दवाखान्यात पैसे लागत नाहीत, हे खरं. पण बाळंतिणीची पिशवी उघडून बघ. खाली अंथरायला काळा प्लास्टिकचा कागद, नाळ कापायला नवं ब्लेड, वीज गेली तर मेणबत्ती, आणि दोन-तीन चितेंजे, म्हणजे इथल्या बायका कमरेला गुंडाळतात ती छापील कापडं. एक बाळाला गुंडाळायला, एक रक्त टिपायला. एवढं जमलं नाही तर नर्स बोलेल, या धास्तीनं कितीतरी जणी शेवटच्या घटकेपर्यंत घरीच कळा सोसतात. नर्सलाही काय म्हणू, तिच्या कपाटातही काही नसतं. २०२३ च्या नोव्हेंबरात इथल्या चलनाचं, क्वाचाचं, ४४ टक्के अवमूल्यन झालं. औषधं बाहेरून येतात आणि डिझेलही.

त्यात हा महिना. गेल्या वर्षीचा मका संपलाय, नवा अजून शेतात उभा आहे. डिसेंबर ते मार्च ही इथली उपासमारीची वेळ. घरात एनसिमा, म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड, एकदाच शिजते. मग गरोदर बाईसुद्धा दुसऱ्याच्या शेतावर रोजंदारीला जाते. त्याला इथे गान्यू म्हणतात. तिच्या स्वतःच्या शेतातली खुरपणी राहते आणि पुढच्या वर्षीचा मकाही कमी येतो. वर मलेरिया. अंगात रक्त नसलेली बाई बाळंत होते, अंमळ जास्त रक्तस्राव झाला की हातची जाते. आणि रक्तपेढीचं गणित ऐक: इथले बरेचसे रक्तदाते माध्यमिक शाळांतली मुलं. शाळांना सुट्टी लागली की रक्त आटतं.

मागे तू लिहिलं होतंस, तिथे जमीन मुलींकडे जाते, म्हणजे बाईचा शब्द चालत असेल. या दक्षिण भागात खरंच वंश आईकडून चालतो, नवरा लग्न करून बायकोच्या गावी राहायला येतो. पण घरातला मोठा शब्द बहुतेकदा मामाचा. अडलेल्या बाईला मोठ्या दवाखान्यात हलवायचं का, हे नवरा ठरवतो किंवा मामा. तो परगावी असेल तर निरोप जाऊन उत्तर येईपर्यंत वाट बघायची. जमीन तिची आणि तिच्याच पोटातल्या बाळाबद्दलचा निर्णय मात्र दुसऱ्याचा. हे मला अजून पचलेलं नाही.

एक मुलगी सांगते. जेमतेम सोळा-सतराची. आरोग्यकेंद्रात सिझेरियनची सोय नाही, अँब्युलन्स होती पण डिझेल नव्हतं. शेवटी भाड्याच्या सायकलच्या कॅरिअरवर, मागून भावानं धरून, तिला आणलं. बाळ गेलेलं होतं. डोकं फार वेळ अडकून राहिल्यामुळे मूत्राशयाला भोक पडलं, लघवी सतत गळू लागली. नवरा निघून गेला. पुढे तिला लिलाँग्वेला ब्वैला रुग्णालयातल्या फिस्टुला, म्हणजे असली भोकं बुजवणाऱ्या, केंद्रात पाठवलं, शस्त्रक्रिया झाली, कोरडी झाली. परतल्यावर भेटायला आली तेव्हा माझ्यासमोर खुर्चीवर बसली, उठून खुर्चीकडे वळून पाहिलं, आणि हसली. मला रडू आवरेना.

तिचं लग्न कायद्यानं व्हायलाच नको होतं. २०१७ मध्ये घटना बदलून वयाची अट सरसकट १८ केली, आईबापांच्या संमतीची पळवाट बंद केली. डेडझा जिल्ह्यातल्या थेरेसा काचिन्डामोटो या गावांच्या पारंपरिक प्रमुखीणबाईंनी आपल्या भागातले शेकडो बालविवाह मोडून मुलींना शाळेत धाडलं. ही बाई मला फार मोठी वाटते. पण ताटात एनसिमा नसली की खाणारं एक तोंड कमी करायचा मोह कायद्याला जुमानत नाही. २०२३ च्या मार्चमध्ये फ्रेडी चक्रीवादळानं तोंडाशी आलेलं पीक नेलं, २०२४ ला दुष्काळ पडला.

या देशाला हतबल मात्र समजू नकोस. एचआयव्ही असलेल्या प्रत्येक गरोदर बाईला, तपासण्यांचे आकडे न बघता, आयुष्यभराची औषधं सुरू करायची, हे जगात सगळ्यात आधी मालावीनं २०११ मध्ये ठरवलं. पुढे जागतिक आरोग्य संघटनेनंही तीच वाट धरली. त्यामुळेच आज मी एचआयव्ही असलेल्या आयांची निरोगी बाळं हातात घेते. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेनं मदत गोठवली तेव्हा पहिली भीती याच बायकांची वाटली. जे काम त्यांनी गोळी न चुकवता वर्षानुवर्षं केलं, ते दूरच्या एका सहीनं विस्कटावं?

आता तुझ्याकडे एक काम आहे. दिवस भरत आलेल्या बायकांनी दवाखान्याजवळ येऊन राहावं म्हणून इथे प्रतीक्षागृहं आहेत, २०१२ नंतर जॉईस बांडा अध्यक्ष असताना त्यांना जोर मिळाला. आमच्याकडेही एक आहे. पण जेवणाची सोय नाही. शिधा आणायचा, सोबतच्या आईनं नाहीतर बहिणीनं तीन दगडांच्या चुलीवर रांधायचं, शिधा संपला की कळा सुरू व्हायच्या आतच घरी परत. तुमच्या माहेरघरांत, म्हणजे तिकडच्या अशाच सरकारी प्रतीक्षागृहांत, हे कसं चालतं? स्वयंपाक कोण करतं, बुडीत मजुरीचे पैसे बाईच्याच हातात पडतात का, आणि केव्हा? कागदावरचं नको, तुझ्या धडगावात प्रत्यक्ष काय होतं ते लिही. पुढच्या महिन्यात जिल्ह्याच्या आरोग्य अधिकाऱ्यांशी आमची बैठक आहे, त्याआधी मिळालं तर फार उपयोग होईल.

तुझी,
मीनल