ग्लोव्हच नव्हता, तर गोल्ड ग्लोव्ह कुठून मिळणार?

संपादक महोदय,

खेळाच्या पानावर बेसबॉल आलं की होमरन नाहीतर बॉल टाकणाऱ्या पिचरचा स्पीड, तिसरं काही नसतंच, म्हणून म्हटलं फिल्डरसाठी आपणच लिहावं. अमेरिकेत बेस्ट फिल्डरला जो गोल्ड ग्लोव्ह देतात तो सुरू झाला १९५७ ला. आणि पहिली प्रोफेशनल लीग, नॅशनल असोसिएशन, १८७१ ची. म्हणजे मधली ८६ वर्षं जे लोक जीव तोडून बॉल अडवत होते त्यांच्या नावावर काहीच नाही. माझं म्हणणं साधं आहे, त्या वर्षांचे अवॉर्ड आता मागे जाऊन द्या.

बिड मॅकफीचंच बघा ना. सिनसिनाटीचा सेकंड बेसमन, म्हणजे दुसऱ्या बेसजवळचा फिल्डर, १८८२ ते १८९९ सगळं करिअर एकाच शहरात, आणि त्यातली पहिली चौदा वर्षं हा माणूस उघड्या हातांनी खेळला! बाकीच्यांनी कधीच ग्लोव्ह घातले होते पण हा मिठाच्या पाण्यात हात बुडवून कातडी कडक करायचा आणि उतरायचा मैदानात. शेवटी १८९६ ला बोट दुखायला लागलं म्हणून घातला ग्लोव्ह, तर त्या सीझनला फिल्डिंगची सरासरी थेट ०.९७८, म्हणजे शंभरात जवळजवळ ९८ वेळा बिनचूक, तेव्हाच्या सेकंड बेसमनसाठी रेकॉर्डच. गेला १९४३ ला आणि हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलच्या दिग्गजांच्या मानाच्या यादीत, घेतला २०००ला. ५७ वर्षं उशीर, पण घेतला तरी.

आता कोणी म्हणेल की त्यांना खेळताना बघितलेलं कोणी जिवंत नाही, मग ठरवायचं कशावरून? अहो, स्कोअरकार्डं आहेत की. पुटआउट (स्वतः बाद केलेले), असिस्ट (बॉल फेकून दुसऱ्याला बाद करायला केलेली मदत), एरर (फिल्डरच्या चुका) सगळं लिहिलेलं आहे, फक्त ते आजच्या चष्म्यातून वाचू नका. तेव्हाचं मैदान खडबडीत, एकच बॉल मॅचभर वापरून काळा आणि मऊ पडलेला, त्यात हात उघडे, मग एरर ढिगाने होणारच, आणि जो फिल्डर लांबच्या बॉलपर्यंत पळत पोचतो त्याच्याच खात्यात एरर जास्त पडतात, जो जागेवरून हललाच नाही त्याची पाटी कोरी! उलट मॅकफीचे १८८६ चे ५२९ पुटआउट आजही सेकंड बेसचा रेकॉर्ड आहे, पण तेव्हा स्ट्राइकआउट, म्हणजे बॅटला बॉल न लागता पिचरनेच बाद केलेले, कमी व्हायचे, फिल्डरकडे बॉलच जास्त यायचे, हेही धरायला हवं. त्यामुळे त्याच वर्षी त्याच पोझिशनवर खेळणाऱ्या बाकीच्यांशी तुलना करा, विषय संपला.

एक अडचण मात्र खरी आहे. डिकी पिअर्स नावाचा ब्रुकलिनचा बुटका शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला फिल्डर, होता, ही पोझिशन कशी खेळायची ते बऱ्याच अंशी त्यानेच दाखवलं, पण १८७१ ला लीग सुरू झाली तेव्हा तो पस्तिशीला पोचलेला, उमेदीची वर्षं आधीच गेलेली. वर्षवार अवॉर्ड दिले तर तो परत बाहेरच. अशा दोन-चार जणांसाठी वेगळा मान ठेवावा लागेल.

आणि जुनं कशाला उकरायचं असं म्हणू नका. १९२० ते १९४८ मधल्या नीग्रो लीग्जना, म्हणजे वर्णभेदामुळे कृष्णवर्णीय खेळाडूंना वेगळ्या खेळाव्या लागलेल्या लीग्जना, २०२० मध्ये मेजर लीगचा, म्हणजे सर्वात वरच्या पातळीचा, दर्जा दिला, मागे जाऊन दिला ना? तसंच हे. त्या लीग्जमधले फिल्डरही या यादीत हवेतच.

फक्त नाव तेवढं बदला. मॅकफीला गोल्ड ग्लोव्ह दिला तर तो वरून हसेल. सोन्याचा हात वगैरे काहीतरी म्हणा.

- एक वाचक