मॅडम, तुम्ही रेघ खोडलीत त्याबद्दल

मॅडम, नमस्कार.

युरोपच्या टूरवरून परत येऊन तीन आठवडे झाले. साइट चालू झाल्या, भुशाने पुन्हा नाक चोंदायला लागलं, तरी तुमची ती वही डोळ्यांपुढून हलत नाही. एअरपोर्टवर तुमची धावपळ चालली होती, मला धड बोलता आलं नाही. म्हणून आता सगळ्यांसमोरच लिहितो.

आपल्या बावीस जणांत डिझायनर नसलेला मी एकटाच. प्लायवुडच्या खरेदीवर मिळतात ते पॉइंट जमले म्हणून टूरला माझा नंबर लागलेला. मिलानला पहिल्याच सकाळी एकाने विचारलं, "तुम्ही कुठून पास आउट?" म्हटलं, वडिलांच्या हाताखाली. तो हसला, वाईट नाही हसला, आणि मोबाइल माझ्या हातात देऊन म्हणाला, "जरा ग्रुप फोटो काढा ना." तिथून आठ दिवस ग्रुप फोटो मीच काढले. एकाही फोटोत मी नाही, हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

सवय आहे म्हणा. बारा वर्षं एका साहेबांची कामं केली. वास्तुशांतीला पाहुण्यांनी किचनचं कौतुक केलं की साहेब म्हणायचे, "हा आमचा सुतार", आणि डिझाइन कसं सुचलं ते स्वतः सांगत बसायचे. ड्रॉवर अडकला की मात्र तो ड्रॉवर माझा.

तर नेदरलँड्समधल्या उट्रेक्टचं ते घर. मिलानच्या प्रदर्शनात डोळे दिपले, पाय भरून आले, पण मनात काही बसलं नव्हतं. आणि इथे विटांच्या घरांच्या रांगेच्या टोकाला हे पांढरं-करडं घर, 1924 सालचं. राहणारी बाई ट्रुस श्रोडर, विधवा, पदरात तीन पोरं. बांधणारा खेरिट रीटफेल्ट, सुताराचा मुलगा, लहानपणापासून बापाच्या वर्कशॉपमध्ये राबलेला. गाइडने हे सांगितलं तेव्हा मी उगाचच दोन पावलं पुढे सरकलो. वरचा मजला दिवसा सगळा मोकळा, रात्री भिंती सरकवल्या की वेगवेगळ्या खोल्या. मंजुरीच्या नकाशात मात्र हा मजला चक्क माळा म्हणून दाखवलेला! म्हणजे ड्राय बाल्कनी आत घेणारे आपणच पहिले नाही. बाई 1985 साली वारल्या, तोपर्यंत तिथेच राहिल्या. साठ वर्षांत पार्टिशन तोडून टाकलं नाही असं गिऱ्हाईक मला अजून भेटायचंय.

मग रीटफेल्टचीच ती लाल-निळी खुर्ची आली. सगळे रंगांवर बोलत होते, चित्रकार मोंद्रियान, डी स्टाइल ही त्या वेळची डच कलाचळवळ वगैरे. मी खाली वाकून दांडे बघत होतो. तुम्ही विचारलंत, "दादा, काय बघताय?" मी म्हटलं, काही नाही. "नाही, सांगा ना," म्हणालात, आणि गाइडलाही थांबवलंत.

मी सांगितलं की या खुर्चीच्या सांध्यात लाकूड कापून एकमेकांत बसवलेलंच नाही. तीन दांडे तीन दिशांनी येतात, एकमेकांना खेटतात आणि न थांबता पुढे जातात. आत लाकडी खुंट्या आहेत, बाहेरून दिसत नाहीत. दांडे काळे, आणि त्यांची कापलेली टोकं पिवळी. आम्ही जन्मभर टोकं पट्टी मारून लपवतो, या माणसाने ती रंगवून दाखवली. 1918 च्या सुमाराला त्याने ही खुर्ची केली तेव्हा तिला हे रंगही नव्हते, नुसतं लाकूड होतं.

तुम्ही वही काढलीत. "थांबा, जरा हळू." पेन्सिलीने सांधा काढलात, माझ्यापुढे धरलात. "असंच ना?" तिसरा दांडा चुकीच्या बाजूने गेला होता. सांगावं की नको या विचारात मी जरा घुटमळलो, मग सांगितलं. तुम्ही "अरे हो की" म्हणालात, पर्समधून खोडरबर काढलात आणि ती रेघ खोडलीत. त्या बावीस जणांसमोर. रबराचा चुरा फुंकरीने उडवलात, नीट काढलात, परत दाखवलात.

तीस वर्षं प्रॅक्टिस केलेल्या बाईने माझ्या शब्दावर रेघ खोडावी! मॅडम, आमच्या धंद्यात रेघ खोडत नाहीत. ड्रॉइंग चुकलं तर भिंत फोडतात आणि सुताराचे पैसे कापतात. तुमच्यासारखी माणसं आहेत, चिक्कार असतीलही, पण ती बहुधा गप्प काम करत असतात म्हणून दिसत नाहीत. आणि त्यानंतर बसमध्ये माझ्या शेजारी येऊन बिजागऱ्यांबद्दल विचारणारे तिघे-चौघे निघाले, तेही तुमच्यामुळेच. त्यातला एक तर तोच, पहिल्या दिवसाचा फोटोवाला.

एक विनंती आहे. त्या पानाचा फोटो पाठवाल का? वडील एकोणऐंशीचे आहेत, रंधा हातातून सुटून आता सहा वर्षं झाली. रोज संध्याकाळी विचारतात, "त्या तिकडच्या सुताराचा सांधा कसा होता रे?" मी दोन काड्या आणि बोटं धरून दाखवतो, पण तिसरा दांडा मलाच नीट धरता येत नाही.

आपला,
ग्रुप फोटो काढणारा